सँटोरिनीची फेरी: ज्वालामुखीपेक्षा वाऱ्याची चौकशी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याची पाच माणसं, म्हणजे नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले आई-वडील, अथेन्सहून सँटोरिनीला जाणार आहेत. जाताना आणि येताना दोन्ही वेळा वेगवान बोट घ्यायचा बेत आहे, कारण ती पाच तासांच्या आसपास पोचवते. परतीची बोट दुपारी अथेन्सच्या बंदरात लागेल आणि त्याच रात्री मुंबईचं विमान आहे. आईंना घाटात गाडी लागते. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बेटावरून हजारो लोक निघून गेल्याच्या बातम्या घरात सगळ्यांच्या लक्षात आहेत, त्यामुळे 'ज्वालामुखीच्या बेटावर बोटीनं जावं का' हा प्रश्न आजोबांनी स्वतंत्रपणे विचारला आहे.

मी मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन ग्रीसमध्ये हिंडतो, तेव्हा हा बेत माझ्यासमोर वरचेवर येतो. आधी सरळ उत्तर देतो: जाताना मोठी, संथ बोट घ्या. येताना विमान घ्या. आणि सँटोरिनी सोडल्यावर मुंबईच्या विमानाआधी एक पूर्ण रात्र अथेन्समध्ये काढा. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे. पहिली दोन नाही पाळलीत तरी हे पाळाच.

आजोबांच्या प्रश्नापासून सुरू करू. सँटोरिनीत ज्वालामुखी बघायला वेगळं कुठे जावं लागत नाही, कारण बोट ज्वालामुखीच्या आतच शिरते. इसवी सनापूर्वी साधारण १६०० च्या सुमारास इथे प्रचंड उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र आला. आज ज्याला कॅल्डेरा म्हणतात ती लांबट खाडी साधारण अकरा-बारा किलोमीटर लांब आणि सात किलोमीटर रुंद आहे. तिच्या कडा ३०० मीटरपर्यंत सरळ उभ्या आहेत आणि खाली पाणी जवळजवळ ४०० मीटर खोल. मधली काळी बेटं, नेआ कामेनी आणि पालिआ कामेनी, त्यानंतरच्या उद्रेकांनी समुद्रातून वर आलेली. नेआ कामेनीवरचा शेवटचा उद्रेक १९५० चा आणि तोही लहान होता.

२०२५ मध्ये जे झालं तो उद्रेक नव्हता. जानेवारीच्या अखेरीस सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांच्या मधल्या समुद्राखाली भूकंपांची रांग लागली. सगळ्यात मोठा धक्का ५.३ चा होता. अकरा हजारांहून जास्त लोक काही दिवसांत बोटींनी आणि विमानांनी बाहेर पडले, शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली. मार्चपर्यंत धक्के ओसरले. जमिनीखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, भेगेतून सरकल्यामुळे हे झालं असं अभ्यासकांनी नंतर मांडलं, पण तो वर आला नाही. त्याआधी २०११-१२ मध्ये कॅल्डेऱ्याची जमीन वर्षभर हळूहळू फुगत होती, तेव्हाही उद्रेक झाला नाही.

मुद्दा असा की हा ज्वालामुखी झोपलेला असला तरी एकटा सोडलेला नाही. भूकंपमापक आणि जमिनीची हालचाल टिपणारी यंत्रं बेटभर बसवलेली आहेत. उद्रेक व्हायचाच झाला तर त्याआधी दिवसांची, बहुधा आठवड्यांची कुरकुर ऐकू येईल अशी अपेक्षा आहे. तेव्हा निघायच्या आधीचे पंधरा दिवस बातम्यांकडे लक्ष ठेवा, फोनवर ११२ चा आपत्कालीन संदेश आला तर तो वाचा, आणि किनाऱ्यावर असताना जोराचा धक्का बसला तर पाण्यापासून लांब, उंचावर जा. कड्याच्या अगदी पायथ्याशी रेंगाळू नका, कारण तिथे दगड सुटतात. २०२५ मध्ये फिरा या गावाचं जुनं बंदर, अमूदी, आर्मेनी या कड्याखालच्या छोट्या बंदरांवर जाऊ नका असं प्रशासनानं सांगितलं होतं, ते याचसाठी. बाकी आजोबांना म्हणावं, त्या फेब्रुवारीत लोक ज्याने बाहेर पडले त्यात मोठा वाटा याच फेरीबोटींचा होता. एका मोठ्या बोटीत दोन हजारांवर माणसं मावतात, विमानात दीड-पावणेदोनशे.

आता खरा विषय: वारा.

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. जून ते सप्टेंबर त्याचा हंगाम, आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे भर. नेमकी तुमची तारीख. आपल्या लोकांची यात एक फसगत होते. आपल्याकडे समुद्र बंद होतो तो ढग भरून आल्यावर. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच मे संपता संपता थांबतात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा सुरू होतात. त्यामुळे खवळलेला समुद्र म्हटला की डोळ्यासमोर काळं आभाळ येतं. मेल्तेमीत आभाळ निळंशार असतं. ऊन लख्ख, हवा कोरडी, हॉटेलच्या गच्चीवरून समुद्र फोटोसारखा दिसतो, आणि खाली बंदरात मात्र एकही बोट सुटत नसते. 'इतकं छान हवामान आहे आणि बोट रद्द कशी?' हा प्रश्न मला दर हंगामात ऐकावा लागतो.

वाऱ्याचा जोर तिथे बोफर्ट या मापात सांगतात. तुमच्या उपयोगाचे आकडे एवढेच: ६ म्हणजे ताशी ४० ते ५० किलोमीटर, ७ म्हणजे ५० ते ६०, ८ म्हणजे ६२ ते ७४. सहाला वेगवान बोटीत पोटात ढवळायला लागतं. सातच्या आसपास तिचं सुटणं बेभरवशाचं होतं. आठ-नऊच्या घरात मोठ्या बोटीही थांबवतात. हा निर्णय बोटीची कंपनी घेत नाही. हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून बंदरातलं तटरक्षक दल बंदी लावतं, त्याला तिथले लोक अपागोरेफ्तिको म्हणतात, आणि ती उठेपर्यंत कॅप्टनलाही काही बोलता येत नाही. बंदी कधी सहा तासांत उठते, कधी दोन दिवस राहते. तुमच्या परतीच्या बेतात सकाळी बंदी लागली तर रात्रीचं मुंबईचं विमान गेलंच, आणि जुलैअखेरीस त्या दिवशीच्या अथेन्सच्या विमानांत पाच जागा एकत्र मिळणं कठीण.

पैशांचं काय होतं तेही सांगतो, कारण लोक इथे चुकीच्या भरवशावर असतात. युरोपीय संघाचा समुद्रप्रवाशांच्या हक्कांचा २०१० चा नियम आहे. बोट रद्द झाली किंवा सुटायला दीड तासाहून जास्त उशीर होणार असेल तर तुम्ही दोहोंपैकी एक मागू शकता: पुढच्या बोटीनं नेणं किंवा तिकिटाचे पैसे परत. पण कारण वादळी हवा असेल तर वेगळी भरपाई नाही आणि हॉटेलचा खर्चही कंपनीवर नाही. चुकलेल्या विमानाचे पैसे तर कुणीच देत नाही. प्रवासविमा घेताना 'हवामानामुळे जोडप्रवास चुकला तर' हे कलम आहे का ते वाचून घ्या. बऱ्याच स्वस्त विम्यांत ते नसतं, आणि असलं तरी दोन प्रवासांमध्ये अमुक इतके तास मोकळे हवेत अशी अट असते.

याखेरीज संप. ग्रीसमधल्या दर्यावर्दी कामगारांची संघटना बळकट आहे, चोवीस तासांचा संप पुकारला की सगळ्या बोटी बंदरात उभ्या राहतात. १ मेच्या आसपास जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. संप निदान काही दिवस आधी जाहीर होतो, वाऱ्याचं तसं नाही.

आता बोटी. पिरेयसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, सँटोरिनीला जाणाऱ्या बोटी ढोबळमानानं दोन जातीच्या. एक म्हणजे मोठी पारंपरिक फेरी: खाली ट्रक आणि गाड्या, वर पाच-सहा मजले, बाहेर मोकळे डेक. उदाहरणार्थ ब्लू स्टार डेलोस: २०११ मध्ये दक्षिण कोरियात बांधलेली, १४५ मीटर लांब, दोन हजारांवर प्रवासी नेणारी. सकाळी साडेसातच्या सुमारास निघून पारोस, नॅक्सोस या बेटांवर थांबत या जातीची बोट साडेसात-आठ तासांत सँटोरिनीला लागते. दुसरी म्हणजे वेगवान कॅटामरान, दोन सांगाड्यांची. साडेचार ते साडेपाच तास. तिकीट मोठ्या बोटीच्या दीडपट ते दुप्पट.

कागदावर तीन तास वाचतात म्हणून लोक दुसरी घेतात. माझं मत उलट आहे आणि ते फक्त पैशांवरून नाही. कॅटामरानमध्ये बहुतेक वेळा तुम्हाला बाहेर उभं राहता येत नाही. विमानासारख्या खुर्च्या, बंद काचा आणि काचांवर खारट पाण्याचे फवारे सुकून आलेला पांढरा थर. कॅल्डेऱ्यात शिरतानाचं जे दृश्य बघायला माणूस अर्धं जग ओलांडून जातो, ते त्या थरातून बघायचं. लाट आली की ती हलकी बोट उडते आणि आपटते. मोठी बोट त्याच लाटेत सावकाश झुलते. शिवाय तिला पाण्याखाली झोल आवरणारे पंख असतात. वारा वाढला की आधी कॅटामरान थांबतात, मोठ्या बोटी त्यानंतरही काही काळ चालतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो पावसाळ्यातही बऱ्यापैकी चालू असते आणि लाँच बंद, त्यामागचं गणित हेच. (ती रो-रो बोट ग्रीसमध्येच बांधून २०२० मध्ये मुंबईला आणलेली आहे. एजियनच्या फेऱ्या बघितल्या की तिचा तोंडवळा लगेच ओळखू येतो.)

एकच अपवाद करीन. क्रीटमधल्या हेराक्लिओनहून सँटोरिनीला जायचं असेल तर बहुधा वेगवानच बोट मिळते, दोन तासांच्या आसपासची, आणि तीही हंगामातच. पर्याय नसतो, घ्यावी. मात्र तो सगळा मोकळा समुद्र आहे, मध्ये आडोशाला बेट नाही, हे घेताना माहीत असू द्या.

आडोशावरून आठवलं, आईंसाठी हा तपशील उपयोगाचा आहे. पिरेयसहून निघाल्यावर पहिला तास-दीड तास किनाऱ्याच्या आडोशाला जातो, बोट फारशी हलत नाही. सूनियोचं टोक मागे पडलं की उत्तरेचा वारा आडवा लागतो, तिथून पारोसपर्यंतचा पट्टा सगळ्यात हलवतो. पारोस-नॅक्सोसच्या मध्ये पुन्हा शांत. नॅक्सोस सोडल्यावर बोट दक्षिणेला वळते आणि लाट मागून येते. म्हणजे जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. म्हणूनही परतीला विमान म्हणतोय. पाऊण तासाचं उड्डाण आहे, तिकीट लवकर काढलं तर परवडतं.

गाडी लागणाऱ्या माणसाला बोटीत कुठे बसवायचं याबद्दल गैरसमज फार. खिडकीपाशी, पुढे, सगळ्यात वरच्या मजल्यावर, अशी 'हवेशीर' जागा शोधतात. झोल तिथेच सर्वांत जास्त. बोटीच्या लांबीच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या प्रवासी मजल्यावर बसवा, किंवा मधल्याच भागातल्या मोकळ्या डेकवर, नजर क्षितिजावर. फोन नको, पुस्तक नको, पत्ते तर नकोच. गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या आधी अर्धा-एक तास. उलटीची भावना सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आपल्याकडे घरोघरी असलेली अ‍ॅव्होमिन चालते, पण ती झोप आणते आणि रक्तदाबाची, प्रोस्टेटची, काचबिंदूची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारायला हवं. सत्तरीच्या माणसाला स्वतःच्या मनानं देऊ नका. रिकाम्या पोटी चढू नका आणि तेलकट खाऊन तर मुळीच नको. भाकरी किंवा खाकरा, केळं, आलेपाक इतकं पुरतं. बोटीवर कॉफी, चीज किंवा पालक घातलेले पफ असं मिळतं, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, आणि घरचा डबा उघडला तर कुणी हटकत नाही.

तिकिटाबद्दल: सर्वांत स्वस्त वर्गात ठरावीक खुर्ची नसते, जी मिळेल ती. जुलैअखेरीस लोक डेकवर पिशव्या उशाला घेऊन झोपतात, तरुणांना त्यात मजा येते. आई-वडील बरोबर आहेत तर थोडे युरो जास्त देऊन क्रमांकाच्या खुर्च्या घ्या, पाचही. त्या खुर्च्या आतल्या दालनात असतात, पण त्या घेतल्या तरी डेकवर जायला मनाई नाही. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. प्रवाशांची यादी ठेवणं तिथे कायद्यानं बंधनकारक आहे. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावरच्या रॅकमध्ये राहतात आणि बोट चालू असताना तिथे जाऊ देत नाहीत. औषधं, स्वेटर, पाणी, चार्जर, मुलीचे एक जोडी कपडे, हे सगळं वर. स्वेटर जुलैत कशाला असं वाटेल. डेकवरच्या वाऱ्यात कळेल.

पिरेयस हे बंदर अवाढव्य आहे आणि पहिल्यांदा जाणारे तिथे सर्वांत जास्त घाबरे होतात. गेटांना ई-१ पासून ई-१२ पर्यंत क्रमांक आहेत. सँटोरिनीच्या बोटी साधारण मेट्रो स्टेशनच्या समोरच्या ई-६, ई-७ या भागातून सुटतात, पण आदल्या दिवशी कंपनीचा निरोप बघून खात्री करा. ई-१ किंवा ई-२ म्हणजे पार पलीकडचं टोक, बॅगा ओढत चालायचं अंतर नव्हे, त्यासाठी बंदरातली बस असते. ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळावरून मेट्रोची तिसरी मार्गिका थेट पिरेयसला येते, जवळपास तासाभरात. मात्र विमानतळावरून पहिली मेट्रो सहानंतर निघते, म्हणजे पहाटे विमानानं उतरून त्याच सकाळची बोट मेट्रोनं गाठायचा विचार सोडा. एक्स-९६ ही बस चोवीस तास चालते, पण मी तर म्हणेन लांबच्या विमानप्रवासानंतर थेट आठ तासांच्या बोटीत चढूच नका. आदली रात्र अथेन्समध्ये किंवा सरळ पिरेयसमध्येच काढा आणि सकाळी टॅक्सीनं पावणेसातपर्यंत गेटवर पोचा. बोट वेळेवर सुटते. पोचते उशिरा, सुटते वेळेवर.

चढताना गोंधळ असा की माणसं आणि ट्रक एकाच रॅम्पवरून, एकाच वेळी आत जातात. मुलीचा हात धरा, आजोबांना मधे ठेवा, गाड्यांचे कर्मचारी ओरडतात ते तुमच्यावर नाही असं समजा. गुडघे दुखणाऱ्यांनी जिना बघून खचू नये, बहुतेक मोठ्या बोटींवर गाड्यांच्या मजल्यावरून वर न्यायला सरकता जिना किंवा लिफ्ट असते. व्हीलचेअरची गरज असेल तर तिकीट काढतानाच कळवा, ती मदत मागण्याचा हक्क त्याच युरोपीय नियमात आहे.

बसल्यावर जीवरक्षक जॅकेट कुठे आहेत आणि तुमचं जमण्याचं ठिकाण कोणतं, हे एकदा बघून घ्या. सप्टेंबर २००० मध्ये एक्स्प्रेस समीना ही फेरी पारोसजवळच्या खडकावर आदळून बुडाली आणि ८० हून अधिक माणसं गेली. बोट जुनी होती आणि पाणी अडवणारी दारं उघडी राहिली होती. त्यानंतर जुन्या बोटींबाबतचे नियम कडक झाले, वारा वाढला की बोटी थांबवण्याबाबत आज तिथले अधिकारी मागेपुढे बघत नाहीत. म्हणून बंदी लागली की मला राग येत नाही.

नॅक्सोस सोडल्यावर साधारण तासाभरानं सगळ्यांना उठवा आणि डेकवर न्या, डाव्या बाजूला. बोट उत्तरेकडून, इया गाव आणि थिरासिया बेट यांच्या मधल्या तोंडातून आत शिरते. डावीकडे इयाची पांढरी घरं कड्याच्या माथ्यावर दिसतात आणि त्यांच्या खाली उभा कापलेला डोंगर. त्या कापात पट्टे बघा. काळे आणि गडद पट्टे लाव्ह्याचे, तांबडे भाजलेल्या राखेचे आणि दगडाचे, आणि सगळ्यात वरचा फिकट जाड थर कांस्ययुगातल्या त्या मोठ्या उद्रेकाचा, प्यूमिस या हलक्या सच्छिद्र दगडाचा. हाच प्यूमिस खणून एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामात पाण्यात टिकणाऱ्या सिमेंटसाठी नेला. खणताना खाली जुन्या घरांच्या भिंती लागल्या. त्याच राखेखाली बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी हे आख्खं गाव गाडलेलं आहे, १९६७ मध्ये तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. बेटावर गेल्यावर इयाच्या सूर्यास्ताला कोपर मारत उभं राहण्याआधी अक्रोतिरी बघा, वर छप्पर असल्यामुळे आई-वडिलांना उन्हाचा त्रासही होत नाही. डेकच्या उजव्या बाजूला तोवर नेआ कामेनीचा काळा खडबडीत लाव्हा आलेला असतो. बोट आणि बेट यांच्यामध्ये शेकडो मीटर खोल पाणी आहे, म्हणून इथे क्रूझची जहाजं साधा नांगरही टाकू शकत नाहीत.

हे दृश्य वीस-पंचवीस मिनिटं चालतं आणि नेमकं शेवटच्या दहा मिनिटांत खाली उतरायची घोषणा होते. इथे मोह आवरा. बंदर अथिनिओस, कड्याच्या पायथ्याशी कोरलेली एक चिंचोळी पट्टी. बोट गर्रकन वळून पाठीमागून धक्क्याला लागते, रॅम्प पडतो, माणसं बाहेर लोटतात, आतली शिरतात आणि काही मिनिटांत रॅम्प वर. गावच्या थांब्यावर एसटी जेवढी थांबते तेवढीच ही थांबते, आणि जी बोट पुढच्या बेटांना जाणार असते ती मागे राहिलेल्यांसाठी खोळंबत नाही. घोषणा झाली की बॅगा घेऊन खाली गाड्यांच्या मजल्यावर उभं राहायचं. तिथे डिझेलचा वास आणि उकाडा असतो. आईंना नाकाला धरायला रुमाल द्या. आपापल्या बॅगा ओळखा, काळ्या ट्रॉल्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

हॉटेलला 'बंदरावरून घ्यायला या' असं लिहिताना अथिनिओस हे नाव लिहा. फिरा गावाखाली एक जुनं बंदर आहे, तिथे क्रूझच्या छोट्या नावा आणि ज्वालामुखीच्या सहलींच्या बोटी लागतात, वर यायला केबल कार किंवा पाचशे ऐंशीवर पायऱ्या. फेरी तिथे जात नाही. अथिनिओसहून वर येणारा रस्ता नागमोडी आहे, आईंना बोटीपेक्षा तोच जास्त लागेल, तेव्हा पुढच्या सीटवर बसवा. फिराला जाणारी सार्वजनिक बस बोटीच्या वेळेला उभी असते, स्वस्त आहे, पण जुलैत तिच्यात बॅगांसह शिरणं हा तरुणांचा खेळ. टॅक्सी बेटावर मोजक्याच. पाच माणसांसाठी गाडी आधी ठरवून ठेवा. चालकाला बोटीचं नाव कळवा, मग उशीर झाला तर तो स्वतःच जहाजं दाखवणाऱ्या नकाशावर बोट कुठवर आली ते बघतो. तो नकाशा तुम्हीही फोनवर ठेवा. तुमची बोट धक्क्यावर वेळेत लागेल की नाही हे बंदरातल्या फलकाआधी तिथे कळतं.

वाऱ्याचा अंदाज प्रवासाच्या पाच दिवस आधीपासून रोज बघा, पण विश्वास शेवटच्या दोन दिवसांच्याच अंदाजावर. ग्रीसच्या सागरी संशोधन केंद्राचं पोसायडन नावाचं संकेतस्थळ लाटांचा आणि वाऱ्याचा नकाशा देतं, तो समजायला सोपा आहे. सात बोफर्ट दिसायला लागलं तर कंपनीला विचारून आदल्या दिवसाची बोट मिळते का बघा. हॉटेलची एक रात्र वाया गेली तरी चालेल. आणि बंदी लागलीच तर रांगेत उभं राहून भांडू नका. फोनवर आलेल्या निरोपातली बदली-बोट लगेच पक्की करा, कारण अडकलेले सगळेच त्या जागांच्या मागे असतात.

शेवटी एक पर्याय, जो मी स्वतः आई-वडिलांबरोबर जाणाऱ्यांना आवर्जून सुचवतो. आठ तास एका दमात नको असतील तर वाटेत नॅक्सोसला दोन रात्री थांबा. पिरेयसहून मोठ्या बोटीनं पाचेक तास, तिथून सँटोरिनी आणखी दोनेक तास. नॅक्सोस स्वस्त आहे, वाळूचे उथळ किनारे आहेत, मुलीला पाण्यात सोडता येतं. सँटोरिनीत ते नीट जमत नाही, तिथली वाळू काळी आणि दुपारी पायाला पोळणारी. वाऱ्यामुळे एक बोट रद्द झाली तरी बेतात दोन दिवसांची ढील राहते. मग सँटोरिनीत तीन रात्री, विमानानं अथेन्स, तिथे एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी मुंबई. पाचही जणांची नावं, वयं आणि नक्की तारखा कळवल्यात तर त्या आठवड्यातल्या कोणत्या वारी कोणती बोट बरी, ते सांगतो.